साधी पायडलं

नागेंद्रने पान्यावर अंगाचा सगळा भार टाकला, तरी डाव्या बाजूचं पायडल जागचं हललं नाही. त्याने कपाळावरचा घाम दंडाला पुसला, पाना काढून पुन्हा बसवला आणि या वेळी उलट्या बाजूने दाबला. कर्र आवाज झाला आणि पायडल सुटलं. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात हे बायकोला, पूर्णिमाला, त्यानेच कधीतरी सांगितलं होतं. आज तोच विसरला होता.

पूर्णिमा कढीपत्ता तोडायला अंगणात आली होती. डहाळी हातात धरून ती तशीच उभी राहिली.

"काय करताय?"

"पायडलं बदलतोय."

"मोडली?"

"न्हाय गं. गुडघा दुखालाय. पाय अडकवून ठेवला की ताण येतोय."

काढलेली पायडलं वर्तमानपत्रावर पडली होती. लहान, चकचकीत, चिमट्याच्या तोंडासारखी. बुटाच्या तळाला बसवलेली क्लीट त्यात टक्कन अडकायची आणि मग उतरताना टाच बाहेर फिरवल्याशिवाय पाय सुटायचा नाही. दोन वर्षांपूर्वी ती बसवली तेव्हा कॅम्पातल्या मैदानावर नागेंद्र पहिल्याच सकाळी आडवा झाला होता. कोपर सोलून घरी आला, पण खुशीत. पुढे कितीतरी दिवस घरी येईल त्याला तो त्या पायडलांचं महत्त्व सांगत सुटला होता. हळदीकुंकवाला आलेल्या पूर्णिमाबरोबर शाळेत शिकवणाऱ्या बाईंनाही त्याने दारात गाठून सांगितलं होतं, "एकदा पाय अडकवायची सवय झाली की परत साध्या पायडलावर पाय ठेववत न्हाय बघा."

आता त्याच्या हातात काळी, रुंद, साधी पायडलं होती. कुणाच्याही सायकलला असतात तशी.

"गुडघ्याचं कधी बोलला न्हाईत."

"त्यात काय बोलायचं."

सकाळीच पाण्याची टाकी बघायला तो दोन-दोन पायऱ्या गाळत गच्चीवर गेलेला तिने पाहिला होता. कट्ट्यावर जयाबाई, तिच्या सासूबाई, पाय सोडून बसल्या होत्या. त्या मुलाकडे न बघता म्हणाल्या, "बरं केलंस."

पूर्णिमाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. सायकलीबद्दल आजवर जयाबाईंनी बरं-वाईट काहीच म्हटलं नव्हतं. पन्नाशीला टेकलेला मुलगा तंग चड्डी घालून पहाटे बाहेर पडतो याकडे त्या जाणूनबुजून दुर्लक्ष करत आल्या होत्या.

रविवारी उजाडायच्या आत नागेंद्र निघाला. पायात सँडल होते, पाठीला पिशवी. एरवी पिशवी नसायची, खिशात चिक्की आणि सायकलला पाण्याची बाटली की झालं. वडगावातून निघायचं, पिरनवाडीला बाकीचे भेटायचे, मग जांबोटीच्या रस्त्याने कुसमळीच्या पुलापर्यंत जाऊन नाश्त्याला घरी, असा त्यांचा रविवार ठरलेला होता. गेल्या काही रविवारांपासून मात्र नाश्ता झाकून ठेवावा लागत होता. त्या दिवशी तर तो आला तेव्हा जेवायची वेळ झाली होती.

"एवढा उशीर?"

"जरा पुढं गेलतो."

"गुडघा दुखत असून?"

त्याने सँडल काढून नळाखाली धरले. पट्ट्यांच्या आतून, टाचेखालून, बोटांच्या मधून तांबडी माती वाहून गेली. सायकलवरून न उतरणाऱ्या माणसाच्या पायाला एवढी माती लागत नाही. पूर्णिमाने टॉवेल पुढे केला आणि तो घेताना त्याचे हात तिच्या नाकाजवळून गेले. धुराचा वास होता, चुलीच्या. आणि त्याखाली कसल्यातरी तेलाचा. घरातल्या कुठल्याच बाटलीत ते तेल नव्हतं.

मुलगी धारवाडला शिकायला गेल्यापासून घरात तिघंच होती. जेवताना बोलायला फारसं कुणी नसायचं. त्या दिवशी तर ताटात चमचा वाजला तरी ऐकू येत होता.

मधल्या आठवड्यात तिला बाजारात साईराज भेटला. नागेंद्रच्या सायकलग्रुपमधला, वयाने लहान, बोलायला मोकळा. कोथिंबिरीची जुडी पिशवीत कोंबत तो म्हणाला, "वहिनी, साहेबांचा बूट दुरुस्त झाला का न्हाय?"

"कुठला बूट?"

"क्लीटचा. तळवा सुटलाय म्हणालते. म्हणून ग्रुपला येत न्हाईत. गणपती झाल्यापास्नं एकदाबी आले न्हाईत. मी म्हणलं माझा जुना जोड घ्या, तर नको म्हणाले."

"व्हय, दुरुस्तीला टाकलाय," पूर्णिमा म्हणाली. खोटं इतकं सहज तोंडातून निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

घरी येऊन तिने पिशवी ओट्यावर ठेवली आणि सरळ बुटांची फळी गाठली. बूट जागेवरच होते. तिने ते उलटे करून पाहिले. तळवा कुठेच सुटलेला नव्हता, क्लीटचे स्क्रूही घट्ट होते. बायकोला गुडघा, मित्राला बूट. खरं कारण एकच असतं तर ते दोन ठिकाणी दोन का झालं असतं?

जयाबाई आत पडल्या होत्या. पूर्णिमाने दाराकडे एकदा बघितलं आणि आपले पाय त्या बुटात घातले. बूट मोठे होते, तरी नाड्या ओढून ती उभी राहिली. फरशीवर पहिलंच पाऊल टाकलं आणि तळाशी बसवलेला तो कडक तुकडा खट्कन वाजला. पाऊल पुढे झुकलं, टाच हवेत राहिली, दुसरा पाय सरकला. तिने भिंत धरली. त्या बुटांनी चालता येत नाही हे तिला एका क्षणात कळलं. ते फक्त सायकलवर बसून राहणाऱ्या माणसाचे बूट होते. ज्याला कुठेतरी पोचून उतरायचं असतं, कुणाच्या तरी अंगणात वावरायचं असतं, त्यालाच साधी पायडलं लागतात.

ती बूट काढून खाली बसली.

संध्याकाळी भाकरी थापताना तिने जयाबाईंजवळ विषय काढला.

"आत्ती, हे हल्ली रविवारचं लई उशिरा येतेत."

"येऊ दे की. आठवडाभर त्या कारखान्यात भट्टीम्होरं असतोय. तिकडं गार वारं लागतंय."

"तिकडं म्हंजे कुठं?"

जयाबाईंनी काठवटीतलं पीठ उगीच सारखं केलं. "रस्त्यावर, आणि कुठं," त्या म्हणाल्या.

म्हणजे यांनाही ठाऊक आहे. पूर्णिमाच्या मनात हे आलं आणि मग गेल्या महिन्यातलं एकेक तिला वेगळंच दिसायला लागलं. ती शाळेतून आली की देवघराच्या दाराशी चाललेलं मायलेकांचं बोलणं थांबायचं. शनिवारी रात्री जयाबाई मुलाला, "उद्या जाणार न्हवं?" असं विचारायच्या, आणि ते विचारणं आईचं नेहमीचं विचारणं नसायचं. एकदा त्यांनी मऊ शिजवलेल्या भाताचा डबा भरलेला तिने पाहिला होता. नागेंद्र सायकलवर मऊ भात कशाला खाईल? एखाद्या लहान लेकराला भरवावा तसा भात. मुलाचं पाप आई झाकते आहे, आणि आपण एवढी वर्षं ज्या बाईला आईसारखं मानलं ती त्याच्या बाजूला बसून आपल्याकडे बघते आहे. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा ती भानावर आली.

पुढच्या रविवारी नागेंद्र गेल्यावर तिने आवरलं आणि स्कूटरची किल्ली घेतली.

"कॅम्पात जाऊन येते. दिपालीकडं." दिपाली तिच्या शाळेतली मैत्रीण.

"एवढ्या सकाळी?"

"तिनं बोलवलंय."

जयाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, पण अडवलं नाही.

पिरनवाडीच्या फाट्यावर ती कॅम्पाच्या उलट दिशेला वळली. रस्त्यावर धुकं होतं. किणये मागे पडलं, दोन्ही बाजूंना निसवलेलं भात ओलं होऊन वाकलं होतं. कुसमळीच्या पुलावर सायकलवाल्यांचा घोळका फोटो काढत उभा होता. तिने पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि वेग वाढवला. त्यात साईराज असावा. नागेंद्र नव्हता.

त्याला पकडल्यावर काय म्हणायचं हे तिने ठरवलं नव्हतं. वाटेत तिने दोनचार वाक्यं जुळवून बघितली, पण शाळेत पोरांना रागावताना वापरते तसलीच ती निघाली. मग तिने नाद सोडला.

जांबोटीत एका चहाच्या टपरीपाशी ती थांबली. चहावाला भांडं घासत होता.

"सायकलवरनं एक साहेब येतेत काय इकडं? उंच हाईत, चष्मा हाय."

"व्हय, येतेत की. दर ऐतवारी." त्याने हाताने रस्ता दाखवला. "आत्ताच गेले. फुडं कणकुंबीच्या रस्त्याला लागा, डाव्या अंगाला कच्ची वाट हाय. मालुबाईकडं जातेत ते."

"मालुबाई?"

"तिचंच घर हाय तिकडं. दुसरं कुणाचं न्हाय."

पूर्णिमाने चहा मागवला आणि तो न पिता पैसे देऊन निघाली. आता तिला नाव मिळालं होतं.

कच्च्या वाटेवर चिखल होता. स्कूटर घसरायला लागली तशी तिने ती एका फणसाखाली लावली आणि पायी निघाली. साडीचा काठ तांबड्या पाण्यात भिजत होता. झाडी संपली तिथे कौलारू घर दिसलं. कुडाच्या कुंपणाला नागेंद्रची सायकल टेकवलेली होती. साधी पायडलं चिखलाने माखून सायकलपेक्षा जुनी दिसत होती.

पडवीत एक बाई पाठमोरी उभी होती. उंच, ताठ कण्याची. मानेवर जाड अंबाडा, काळाभोर. पूर्णिमा कुंपणाशीच थांबली. बाईने हातातली वाटी दगडावर ठेवली, बांगड्या वाजल्या, आणि ती बाजूला झाली.

तेव्हा अंगण दिसलं.

नागेंद्र उलटा चालत होता. त्याने एका म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले होते आणि टाचा मातीत रोवून तो एकेक पाऊल मागे सरत होता. म्हाताऱ्याचा उजवा पाय उचलत नव्हता, जमिनीवर रेघ ओढत येत होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. पायांना तेल चोळलेलं होतं, उन्हात ते चमकत होतं.

"हं, आणि एक," नागेंद्र म्हणत होता. "घाई न्हाय. आणि एक."

म्हाताऱ्याने मान वर केली. तोच कपाळाचा उंचवटा, तेच बाहेर आलेले कान. फक्त दातांच्या जागी काही नव्हतं. पूर्णिमाने या माणसाला कधीच पाहिलं नव्हतं, त्याचा फोटोही नाही, तरी तो कोण हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

हा रवळू. तिचा सासरा. नागेंद्र लहान असताना बायको-पोराला गावात ठेवून हा दुसऱ्या बाईबरोबर निघून गेला होता. जयाबाई मुलाला घेऊन वडगावला भावाच्या आसऱ्याला आल्या, लोकांच्या हातमागावर सुताच्या कांड्या भरून त्यांनी त्याला शिकवलं. लग्नात बापाच्या जागी मामा बसला, परशराममामा. लग्न होऊन पूर्णिमा या घरात आली त्याच आठवड्यात जयाबाईंनी तिला सांगितलं होतं, "त्या माणसाचं नाव ह्या घरात निघत न्हाय." आणि खरोखरच ते कधी निघालं नव्हतं.

पडवीतली बाई वळली. वय साठीच्या आसपास असावं, पण चेहरा रेखीव होता, डोळे मोठे. कोणे एके काळी वाटेवरची माणसं हिच्याकडे वळून बघत असतील, हे आजही कळत होतं. तिला कुंपणापलीकडे उभी असलेली पूर्णिमा दिसली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मालुबाईने पदर डोक्यावर घेतला, नागेंद्रच्या पाठीकडे एकदा बघितलं आणि नजर खाली वळवली.

पूर्णिमा आल्या वाटेने परत फिरली.

स्कूटर चालू करायला तिला वेळ लागला. बाई होती, हे खरं ठरलं होतं. घर होतं, अंगण होतं, तेल आणि चुलीचा धूरही होता. तिने शोधलेलं सगळं बरोबर निघालं होतं आणि तरी ती चुकली होती. हायसं वाटायला हवं होतं. पण पिरनवाडी येईपर्यंत तिला एकच टोचत राहिलं, की दोघांनी मिळून हे आपल्यापासून लपवलं. आपण परक्या होतो काय?

घरी पोचली तेव्हा जयाबाई न्हाऊन मागल्या दारी उन्हात बसल्या होत्या. ओले केस पाठीवर मोकळे होते. पांढरे, विरळ, त्यातून डोक्याची कातडी दिसत होती. मांडीवर फणी होती.

"आलीस?"

"व्हय."

"बरी हाय दिपाली?"

"बरी हाय."

जयाबाईंनी तिच्या साडीच्या काठाकडे पाहिलं. मग पायांकडे.

"कॅम्पात तांबडी माती कधीपास्नं आली?"

पूर्णिमा उंबऱ्यावर बसली. जयाबाईंनी फणी हातात घेतली आणि तिच्या दातांवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"चालतोय काय आता?" त्यांनी विचारलं.

पूर्णिमाने चमकून वर पाहिलं.

"चालतेत. धरून," ती म्हणाली. "उजवा पाय उचलत न्हाय."

"गणपतीत गावाकडचा भावकू आलता, त्यानं सांगितलं. अंगावरनं वारं गेलंय म्हणून. तिला एकटीला उचलत न्हाय, डॉक्टर म्हणतेत चालवा." जयाबाईंचा आवाज बाजारातलं काही सांगावं तसा होता. "नागेंद्र जायाला तयार नव्हता. मीच म्हणलं, जा. आधी त्या टकटकीच्या बुटातच जायाचा, एक दिवस अंगणात घसरला. म्हाताऱ्याला घेऊनच पडला. ओठ फुटला त्याचा. घरी येऊन सांगितलं तवा मी म्हणलं, ती पायडलं काढून टाक. माणूस धरायचा तर पाय आधी भुईवर पायजेत."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

पूर्णिमाला वाटलं होतं तितका राग त्या प्रश्नात आला नाही.

"मीच नको म्हणलं त्याला." जयाबाई लांब भिंतीकडे बघत होत्या. "तू ह्या घरात आलीस तवा मी तुला काय म्हणलेलं? आणि आता मीच भात शिजवून धाडतीया त्याला. कुठल्या तोंडानं सांगू?"

भिंतीवर एक मांजर येऊन बसलं आणि गेलं. आतल्या खोलीत पंखा चालू राहिला होता, त्याचा आवाज येत होता. पूर्णिमाने हात पुढे करून जयाबाईंच्या मांडीवरची फणी घेतली, त्यांच्या मागे जाऊन बसली आणि केसांचा गुंता सोडवायला लागली. जयाबाईंनी मान सैल सोडली. फणीत पांढरे केस गुंतून येत होते. पूर्णिमा ते बोटाला गुंडाळून बाजूला ठेवत होती.

"पूर्णिमा."

"काय आत्ती?"

"तू तिला बघितलीस?"

"व्हय."

पूर्णिमाला वाटलं, एवढंच विचारायचं होतं. मग जयाबाई इतक्या हळू बोलल्या, की ऐकायला तिला पुढे वाकावं लागलं.

"कशी हाय गं दिसाय? मी तिला कधी बघितलीच न्हाय. पोराला कसं विचारायचं असलं?"

फणी थांबली. पडवीतला तो काळाभोर अंबाडा, तो ताठ कणा पूर्णिमाच्या डोळ्यांपुढे आला. हातातली पांढरी बट तिने अलगद सरळ केली.

"म्हातारी झालीया, आत्ती. लई थकलीया. तुमच्यापरास वयानं थोर दिसती."

जयाबाईंनी तिच्या हातातून केस सोडवून घेतले आणि सबंध वळून तिच्या तोंडाकडे पाहिलं. आधी डोळ्यांत, मग ओठांवर, मग पुन्हा डोळ्यांत.

"व्हय?" त्या म्हणाल्या, आणि तशाच बघत राहिल्या.